शब्दांवाचून आठ पानं

बावीस वर्षं ताई मुलांच्या मासिकात दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढत होत्या. लेखकाने वाघ लिहिला की वाघ, राजा लिहिला की राजा. शाळेतली नोकरी सोडून त्या इथे आल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "रंगांनी पोट भरतं होय?" पोट भरलं, पण स्वतःची गोष्ट सांगायला कुणी पान दिलं नाही.

मग एका सकाळी संपादक धावतच त्यांच्या टेबलापाशी आले. "लेखकमहाशयांनी ऐनवेळी हात वर केले हो! आठ पानं कोरी आणि संध्याकाळी अंक छापायला जायचाय."

"द्या मला," ताई बोलून गेल्या.

"अहो, पण गोष्ट?"

"शब्दांवाचून सांगते."

त्यांनी ब्रश उचलला आणि शाळेच्या छपरावर एक शेळी चढवली. तिला उतरवायला शिपाई चढला, त्याच्यामागे हेडबाई, मग अख्खी शाळा वर आणि शेळी खाली, वर्गात फळ्यासमोर! काढता काढता ताईंना स्वतःलाच हसू आवरेना. डबा उघडायचंही भान राहिलं नाही. पाचच्या ठोक्याला आठवं पान वाळत पडलं होतं.

पंधरवड्यात पत्रांचा नुसता पाऊस! प्रत्येक मुलाने शेळीची गोष्ट आपापल्या शब्दांत लिहून पाठवली होती. संपादकांनी पुढच्या अंकातली आठ पानं ताईंना देऊन टाकली आणि वर पहिल्यांदाच छापायचं ठरवलं, 'गोष्ट आणि चित्रं', खाली ताईंचं नाव.

आता ताई कसल्या थांबतात! त्यांनी उंट काढायला घेतलासुद्धा.