गोठ्यातली म्हैस

"जागा हाय, जागा हाय," असं म्हणत बाकावर जरासं सरकायचं आणि शेजारच्या फळीवर हाताने दोन थापा मारायच्या. दारात आलेल्या माणसाचं स्वागत करायची आमच्या घरमालकांना एवढी एकच रीत माहीत होती. बाक चार माणसांचा, बसलेले एकटेच. सरकायची गरजच नसे. तरी सरकायचे.

आम्हीही त्या थापांवरच त्यांच्या घरात शिरलो. गिरण्यांचा संप लांबला, बाबा घरी बसले आणि परळची खोली हातची गेली. आई, बाबा, मी, एक ट्रंक आणि दोन वळकट्या असा आमचा संसार अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका गावठाणात खोली शोधत फिरत होता. तीन दारांतून नकार घेऊन झाला होता. चौथ्या ओसरीवर हे बसलेले. बाबांनी चाचरत परिस्थिती सांगायला घेतली, तर मध्येच तोडून म्हणाले, "ते राहू दे. मागची खोली मोकळी हाय. पोरगी काय करते?"

"कॉलेजात जाते," आई म्हणाली. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मिरवण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि आई ते भेटेल त्याच्यासमोर मिरवायची.

"मंग याच," ते म्हणाले. "घरात वाचणारं मानूस नाय आता."

हे गावठाणातले जुने ख्रिस्ती. मुंबई इथवर पोचायच्या आधीपासूनचे. बोलणं मराठीच, पण त्यांच्या धाटणीचं. चर्चला ते देऊळ म्हणत. तीस वर्षं आरे कॉलनीच्या गोठ्यांत म्हशी सांभाळून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. त्यांच्या माघारी गावठाण त्यांना म्हैसवाले म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. जगातली कुठलीही गोष्ट ते म्हशीच्या मापाने मोजत. आईला खोकला झाला तेव्हा म्हणाले, "वहिनी, म्हशीला आमी शेरभर काढा पाजायचो. तुमी पावशेर घ्या." परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रडकुंडीला आले, तर म्हणाले, "म्हैस घाबरली का पान्हा चोरते. जरा थोपटलं का सोडते. डोक्याचंपन तसंच असतं."

डिसेंबर लागला की त्यांच्या अंगात यायचं. पत्र्याच्या झाकणांत माती भरून गहू पेरायचे, कारण नाताळच्या देखाव्यातला गोठा हिरवागार हवा. सगळं गावठाण ते गवत सजावटीसाठी उगवायचं. अंकल चारा म्हणून उगवायचे. मग ओसरीवर गोठा उभा राही. त्यातल्या जमिनीला त्यांनी उतार दिलेला बघून मी कारण विचारलं.

"मुताचं पानी जाया नको? का बाळाच्या अंगाखाली साचू द्यायचं? गोठ्यातलं मला विचार. पाद्रीला काय कळतंय त्यातलं!"

आणि गव्हाणीजवळ, गाय असायची तिथे, नारळाएवढी मातीची काळी म्हैस. एक शिंग डिंकाने चिकटवलेलं, जरा वाकडं.

"अंकल, येशूच्या गोठ्यात म्हैस?" पहिल्या वर्षी मला हसू आवरेना.

"का? तू गेली होतीस बगायला?"

त्या म्हशीची गोष्ट नंतर कळली. ती त्यांच्या बायकोने घडवलेली. आयुष्यभर नवऱ्याच्या तोंडून म्हशीचंच कौतुक ऐकल्यावर तिने शेवटच्या आजारपणात हातांनी केलेली. त्या नाताळला तिने ती देवळातल्या गोठ्यात ठेवली. देवळाच्या सजावटीचं काम अंकलच्या धाकट्या भावाकडे. धाकटे सरकारी कचेरीत कारकून, कागदावर असेल तेच खरं मानणारे. लोक हसायला लागले तशी त्यांनी म्हैस उचलून आतल्या खोलीत टाकली. बाई फेब्रुवारीत गेली. अंकल एकदा जाऊन म्हैस सदऱ्यात गुंडाळून घेऊन आले. बघतात तर शिंग मोडलेलं. "तिच्या म्हशीला जिथं जागा नाय, तिथं मला पन नाय," म्हणाले, आणि देऊळ सोडलं. भाऊ सोडला. भावाचं घर विहिरीपलीकडे, वीस पावलांवर.

आम्ही राहायला आल्याचा तो तिसरा नाताळ. दोन दिवस आधी अंकलनी मला बाकावर बोलावलं, दोन थापा मारल्या आणि बायबल हातात दिलं. पुस्तक बायकोचं. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता येई.

"येशूच्या जन्माचं वाच. ती वाचायची दर नाताळला."

"मग तुम्हाला पाठच असेल."

"कुठलं पाठ? माझं सगळं ध्यान तिच्या तोंडाकडं!" म्हणाले आणि म्हातारा चक्क लाजला.

मी वाचलं. उतरायला जागा मिळाली नाही, बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, इथवर आले आणि थांबले. पुन्हा वाचलं. कॉलेजने मला एक सवय लावली होती, ऐकीव ते ताडून बघायची.

"अंकल, यात म्हैस नाहीच. पण गायसुद्धा नाही. गाढवही नाही. नुसती गव्हाण आहे."

अंकल ताडकन उठले. "म्हंजे त्याची गायपन खोटी! जा, आत्ताच्या आत्ता जाऊन वाचून दाखव त्याला!"

मी विहीर ओलांडून गेले. धाकट्या अंकलनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं.

"मेंढरं?" त्यांनी आशेने विचारलं.

"आहेत, पण ती रानात. गोठ्यात नाहीत."

"हं," म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

चोवीस तारखेला दुपारी देवळावरून येताना आत डोकावले आणि बघतच राहिले. गोठ्यात एकही जनावर नव्हतं. गाय, गाढव, मेंढरं, सगळी खोक्यात. धाकटे अंकल शेजारी कडक उभे. "लिहिलेलं नाय ना? मग कोनीच नाय," म्हणाले.

मी पळतच घरी आले. वाटलं, अंकल विजयी हसतील. ते हसले नाहीत.

"एक पन जनावर नाय?"

"नाही. कशी जिरली!"

"आनि बाळ?"

"आहे ना. कपड्यात गुंडाळलेलं."

"कपड्यानं काय होतंय?" त्यांचा आवाज चढला. "डिसेंबरात पहाटे आरेला येऊन उभी राहा, मंग कळंल. आमी पोरं दोन म्हशींच्या मधी निजायचो. तिच्या उसासात ऊब असते. त्या बाळाला रातभर तसंच ठेवनार काय तो?"

आत गेले, धुवट सदरा चढवला, म्हैस टॉवेलात घेतली आणि निघाले. मीही मागोमाग. देवळाच्या फाटकाशी त्यांचे पाय थबकले. चार वर्षांत ते फाटक त्यांनी ओलांडलं नव्हतं.

"माझ्यासाठी नाय जात," मी काही न विचारता त्यांनी सांगितलं. "बाळासाठी जातो."

धाकटे अंकल स्टुलावर चढून दिव्यांची माळ लावत होते. मोठा भाऊ दिसला तशी माळ हातातच राहिली.

"काय आनलंस?"

"दिसतंय ना."

"पुस्तकात नाय ती."

"पुस्तकात ऊबपन नाय. म्हनून काय गारठू दे त्याला?"

धाकट्यांनी माळ खिळ्याला अडकवली. मग धाकटे खाली उतरले. टॉवेल उघडून त्यांनी म्हशीच्या शिंगावरून बोट फिरवलं.

"माझ्या हातून पडली होती ती. शिंग मी मोडलं. तुला सांगायचं धाडस झालं नाय." मग हळूच विचारलं, "वहिनी काय म्हनाली असती रे?"

"म्हनाली असती, चिकटव. मी चिकटवलं."

धाकट्यांनी नाक पुसलं, खोक्यातून गाय काढली. "मंग हिला पन ठेवू?"

"ठेव, ठेव. पन साय म्हशीच्याच दुधाला जाड."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला आई आणि मीही गेलो, दाराशी उभ्या राहिलो. देऊळ गच्च भरलेलं. अंकल उशिरा आले आणि चोरासारखे भिंतीला टेकले. पुढच्या बाकावरून धाकट्यांनी वळून पाहिलं. त्या बाकावर मुंगीला जागा नव्हती. तरी ते सरकले, त्यांच्यामुळे पाच माणसं सरकली, आणि मोकळ्या झालेल्या वीतभर फळीवर त्यांनी दोन थापा मारल्या. अंकल जाऊन बसले. त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

मी बी.ए. झाले तेव्हा पदवीचा कागद आधी त्यांना दाखवला. उलटसुलट करून म्हणाले, "एवढेच शिक्के? म्हशीच्या दाखल्यावर याच्याहून जास्त असतात." आणि मग तो कागद घेऊन विहिरीपलीकडे भावाला दाखवायला गेले, ते जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. ओसरीवरच्या बाकावर मी अजूनही मध्ये बसत नाही. कडेला बसते.

माझ्या शिक्षणाचे पुढे पुष्कळ उपयोग झाले. नोकरी लागली, बाबांच्या नावावर याच गावठाणात स्वतःची खोली झाली. पण पहिला उपयोग झाला तो त्या म्हशीला. दर नाताळला ती देवळातल्या गोठ्यात, बाळाच्या अगदी जवळ उभी असते. तिला तिथून कुणी हलवत नाही.