पहिल्या संक्रांतीची काळी साडी

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मुलीला काळी साडी द्यायची आणि हलव्याचे दागिने घालायचे, ही आपली रीत. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग त्या एका दिवशी मानाचा ठरतो. जयपुरात तो त्या दिवशीही वर्ज्यच असतो, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही लेकीसाठी मी जयपूरजवळच्याच बगरू गावच्या छपाईची काळी साडी घेतली.

यजमान म्हणाले, "लाल घे. आपण त्यांच्या गावात राहतो."

"तुमची बदली झाली तेव्हा ते त्यांचे होते. मुलगी इथे जन्मली, इथेच नांदते आहे. आता ते आपलेही आहे, आणि आपल्या गावात आपला सण चोरून करायचा नसतो."

विहीणबाईंची मला भीती नव्हती. भीती लेकीची होती. लहानपणी ती संक्रांतीला काळा फ्रॉक घालून गच्चीवर गेली, तेव्हा पतंग उडवणाऱ्या मुलांनी तिला "काली बिल्ली" म्हणून रडवले होते. त्यानंतर तिने काळ्या कपड्याला हात लावला नाही. घरात मराठी बोलणेही हळूहळू सोडले.

वैशाली नगरातल्या लेकीच्या सासरी मी साडी उलगडली. विहीणबाईंचा पुढे आलेला हात थबकला.

"समधनजी, काला? बहू की पहली संक्रांत पर?"

वर्गात सांगावे तसे मी सांगितले: सण थंडीचा आहे, काळे कापड ऊब धरते.

"ठंड तो हमारे यहाँ भी पड़ती है. हम रजाई ओढ़ लेते हैं!"

सगळे हसले. मी साडीची घडी केली नाही. लेकीकडे पाहत राहिले.

"मम्मी, इकडे दे. मी नेसते."

"बेटा, लोग क्या कहेंगे?"

"म्हणू देत ना, मम्मीजी," ती सासूलाच मराठीत म्हणाली, आणि मग सावरून, "मतलब, कहने दीजिए."

निऱ्या कमीजास्त झाल्या होत्या. हलव्याचा हार मानेला टोचत होता. तशीच ती गच्चीवर गेली. शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडल्या, "अरी बहू, आज के दिन काला!"

"हाँ आंटी, आज ही के दिन!" लेक तितक्याच मोठ्याने म्हणाली आणि पतंगाला ढील दिली.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. मी त्यांना तिथेच सांगून टाकले, की नातवंड झाले म्हणजे त्याच्या बोरन्हाणाचे झबले मीच शिवून आणणार आहे.

"वो भी काला?"

"तेही काळेच."