आप्पांच्या पेन ड्राइव्हची लाईन क्लिअर

आई गेल्यापासून आप्पा होटगीच्या घरात एकटेच राहतात. सोलापूरला माझ्याकडे या म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं होतं. माझ्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती, आईचा आवाज. एका दुपारी ती शेंगाचटणी कशी करायची ते सांगत होती, तेव्हा मी ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आप्पांचा फोन साधा, बटणांचा. दर रविवारी मी जायची तेव्हा माझ्या फोनवर ऐकायचे, आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबायचे. मागायचा त्यांना संकोच वाटतो, हे मला दिसत होतं.

म्हणून मी ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घातलं आणि माझा जुना लॅपटॉप त्यांना नेऊन दिला. तो फार रखडायचा, म्हणून त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टीम बसवली होती. मी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा आप्पांना शिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ असं मला वाटलं.

सोमवारी भर तासाला फोन आला.

"अगं, पेन घातला. काय झालं न्हाय."

"आप्पा, कोपऱ्यात काहीतरी आलं असेल बघा की."

"आलं आन् गेलं. इंग्रजीत हुतं. गाडी आत आली का न्हाय, कुणी सांगायचं?"

डावीकडे जा, नाव शोधा, त्यावर दाबा, पासवर्ड द्या, असं मी भराभरा सांगत सुटले. मग "बरं, तू पोरांना शिकव" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी जाऊन बघते तर लॅपटॉप चालूच, पंखा घरघरतोय आणि पेन ड्राइव्ह आत. सोमवारपासून तसाच.

"अहो आप्पा, बंद का नाही केला?"

"गाडी आत उभी असताना स्टेशन कसं बंद करू?"

मला हसू आवरेना. आप्पा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. एकेरी रुळाच्या काळात पुढच्या स्टेशनाकडून लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मिळून तिची खूण असलेला लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हातात पडेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. जन्मभर असं काम केलेला माणूस मशीननं काही सांगितल्याशिवाय पेन ड्राइव्हला हात लावणार नाही. लॅबमधली माझी पोरं नेमकी उलटी. फाईल पुरती लिहून व्हायच्या आत ओढून काढतात आणि मग रडवेली होऊन माझ्याकडे येतात. आप्पांचं काहीच चुकलं नव्हतं. राग आला तो ही सिस्टीम बनवणाऱ्यांचा. पेन ड्राइव्ह आत आला, आता काढायला हरकत नाही, एवढं नवख्या माणसाला धड सांगायला यांचं काय जातं?

जेवण झाल्यावर मी सेटिंग बदलायला बसले. पेन ड्राइव्ह घातला की फोल्डर आपोआप उघडेल आणि पासवर्ड मागणार नाही, असं केलं. वर मोठ्या अक्षरांत 'गाडी आली' येईल. बाहेर काढायला एकच ठळक बटण ठेवलं. ते दाबलं की आधी लाल पट्टी, आणि सगळं नीट आटोपलं की हिरव्या पट्टीवर 'लाईन क्लिअर'. आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

"आता कसं कळतंय की," ते म्हणाले.

पेन ड्राइव्ह काढून मी तो त्यांनाच परत घालायला लावला. 'गाडी आली' आलं, फोल्डर उघडला आणि आप्पांनी स्वतःच्या हातानं रेकॉर्डिंग लावलं. आई बोलू लागली, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. शेंगा मंद आचेवर भाजायच्या, लसूण हात आखडून घालायचा नाही. मध्येच तिचा आवाज चढला, "अवो, दार लावा की, कुत्रं आत यायलंय."

आप्पा उठले, दार लावून आले आणि परत खुर्चीत बसले.

रेकॉर्डिंग संपलं. "आता ते बटण दाबा," मी म्हटलं, "लाईन क्लिअर मिळेल, मग काढा."

त्यांनी बाण बटणापर्यंत नेला आणि हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हिला जायला लाईन क्लिअर मी मागत न्हाय."