डावीकडं कलणारं विमान

मी मुळातच काळजीखोर माणूस. दुकानाचं शटर ओढून निघालो तरी निम्म्या वाटेत गाडी थांबवतो आणि कुलूप लावलं की नाही ते आठवत बसतो. अशा माणसानं फोमची विमानं बनवून हवेत सोडायचा नाद करू नये, असं बायको म्हणते आणि तिचं खरंच आहे. पण वारंगा फाट्यावर दिवसभर लोकांचे फुटके मोबाइल दुरुस्त करून वर त्यांचीच बोलणी खाल्ल्यावर माणसाला स्वतःचं असं काहीतरी लागतंच.

माझी विमानं त्रिकोणी. शेपूट नाही, चाकं नाहीत, सगळा मिळून एकच पंख. ऑनलाइन मागवलेल्या फोमच्या शीटा कापायच्या, पोटाला बांबूची कामटी चिकटवायची, नाकात बॅटरी बसवायची आणि मागं मोटर व तिचं पातं. पंखाच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. रिमोटवरून दोन्ही वर उचलल्या की विमान चढतं, एक वर आणि एक खाली केली की कलतं. ऐकायला सोपं आहे, पण बॅटरी जराशी मागं सरकली तरी ते नाक वर काढून घुटमळतं आणि आदळतं. किती आदळली त्याचा हिशेब मी ठेवत नाही.

चाकं नसल्यामुळं ते हातानंच फेकावं लागतं. त्यात पातं मागं, म्हणजे विमान सुटताना ते फेकणाऱ्याच्या बोटांजवळूनच जाणार. म्हणून आधी फेकायचं आणि हातातून सुटल्यावरच मोटर चालू करायची. मधल्या त्या क्षणात विमानाला जोर असतो तो फक्त फेकणाऱ्याच्या हाताचा, आणि माझ्या हाताला जोर असा कधी नव्हताच. एका हातात रिमोट धरून मी दुसऱ्या हातानं फेकायचो आणि विमान समोरच्या ढेकळांत नाक खुपसायचं. माझी माय बांधावर गवत कापत हे बघत असायची. एक दिवस ती विळा टाकून आलीच.

"दे इकडं. काहून बायकावानी फेकून राहिला?"

मायचा हात गोफणीचा. ज्वारीत दाणा भरला की माळ्यावर उभी राहून तिनं वर्षानुवर्षं पाखरं हाकलली आहेत. तिनं विमान खालून उजव्या तळव्यावर धरलं आणि मागं रेलून असं सोडलं की मी मोटर चालू करायचंच विसरलो. तरी ते बरंच लांब जाऊन अलगद उतरलं. त्या दिवसापासून फेकायचं काम तिचं. मी मात्र दर वेळी जीव मुठीत धरून उभा राहायचो. बोट बटणावर, नजर तिच्या बोटांवर. ती तिकडून ओरडायची, "चालू कर की, झोपला काय?"

यंदा सोयाबीन निघाल्यावर मी नवं विमान केलं, जरा मोठं. मायनं फेकलं आणि हातातून सुटताच त्याचा डावा पंख खाली गेला. मी सावरायच्या आत ते जमिनीवर. घरी आणून चिकटवलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

असं झालं की मला जेवण गोड लागत नाही. पहिला संशय मोटरवर गेला, कारण पातं एका अंगाला फिरलं की विमान उलट्या अंगाला पिळलं जातं. मोटर किंचित तिरपी बसवली. मग ध्यानात आलं की विमान मोटर चालू व्हायच्या आधीच कलतंय, म्हणजे मोटर बिचारी निर्दोष. मग डावी पट्टी हलवणारा छोटा सर्वो बदलला. पत्र्याच्या खोलीत उन्हानं पंख वाकला असेल म्हणून फरशीवर ठेवून डोळा लावून बघितला. डावीकडं गोंद जास्त झाला असेल म्हणून शेवटी उजव्या टोकाला एक नाणं चिकटवलं. तरीही मायनं फेकलं की ते डावीकडंच. लांबही जाईना.

"पहिलं विमान चांगलं होतं," माय म्हणाली. "याच्यातच खोट हाय."

मलाही ते पटलं. खोट विमानात असणं हे त्यातल्या त्यात बरं असतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

एका सकाळी माय हळदीला पाणी द्यायला गेली होती. मी बायकोला गळ घातली. "बोटं तुटली तर भाकरी तुमीच थापा," असं बजावून, निम्मे डोळे मिटून तिनं विमान ढकलल्यासारखं फेकलं. ते गेलं. डावीकडं तर नाहीच, उलट नाण्याच्या वजनानं जरासं उजवीकडं झुकलं. मी नाणं काढलं आणि तिला पुन्हा फेकायला लावलं. विमान रेघ मारल्यागत सरळ गेलं.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण मग खोट होती कुठं? विमान उतरवून मी बायकोकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाईंनी दिवाळीपासून भाकरी थापली न्हाई."

ते मला ठाऊकच होतं. दिवाळीनंतर एकदा जेवताना माय म्हणाली होती, "सूनबाईच्या भाकरी माझ्यापरीस बऱ्या होतेत." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून सुनेचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आम्ही दोघंही हुरळून गेलो होतो. आता त्याच वाक्याचा अर्थ वेगळाच लागत होता.

त्या दिवशी घरात मी नुसता मायकडं बघत होतो. पाण्याचा तांब्या ती डाव्या हातानं उचलत होती. चहाची बशी दोन्ही हातांनी धरत होती. विचारायची हिंमत होईना. विचारलं की ते खरं होईल, अशी काहीतरी वेडी भीती वाटत होती. बायकोच्या दोन्ही फेकी योगायोगानं जमल्या असतील, अशी मनाची समजूत घालून दुसऱ्या सकाळी मी तेच विमान मायच्या हातात दिलं. माझा अंदाज चुकावा म्हणून मी आयुष्यात एवढा देव कधी आठवला नव्हता.

डावा पंख खाली गेला. विमान जवळच पडलं.

"अजून थोडी खोट राहिली दिसती," मी म्हणालो.

माय विमान उचलायला गेली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, "काल सूनबाईनं फेकलं तवा सरळ गेलं. मी हळदीतून बघून राहिले होते."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तू काहून बोलला न्हाईस?"

भीती वाटली की मी चिडतो. मी तिला बरंच बोललो. कधीपासून होतंय, लपवायचं काय कारण, आत्ताच्या आत्ता नांदेडला चल. ती म्हणाली, हळद निघू दे, मग बघू. मी नाही म्हटलं. हातात जोर नाही हे तिनं तेव्हाही कबूल केलं नाही. फक्त उजवा हात पदराखाली घेतला आणि घराकडं चालू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन आपण होऊन दारात उभी राहिली.

नांदेडला दवाखान्यात बाकावर बसून माझा जीव टांगणीला लागला होता आणि माय समोरच्या बाईशी हळदीच्या भावावर बोलत होती. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं. म्हणाले, दोन्ही हात समोर सरळ धरा, तळवे वर, आणि डोळे मिटा.

मायनं शाळेतल्या पोरीसारखे डोळे गच्च मिटले. थोडा वेळ काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो. मग तिचा उजवा तळवा आतल्या अंगाला, डावीकडं वळू लागला आणि हात हळूहळू खाली यायला लागला. तिला त्याचा पत्ताच नव्हता. पाठ ताठ करून, हनुवटी वर धरून ती बसली होती. मी उठून तो हात खालून धरणार होतो, पण डॉक्टरांनी मला नजरेनंच थांबवलं.

"बराबर हायत न्हवं?" तिनं विचारलं. डॉक्टरांना नाही, मला.

"व्हय माय, बराबर हायत," मी म्हणालो.

मग डॉक्टरांनी तिला डोळे उघडायला सांगितले.