हिरव्या लुगड्याची गाळणी

आमच्या बौद्धवाडीत तेव्हा नव्या सुनेच्या वाट्याला एखादी शेळी यायची, नाहीतर नुसतीच सासूची बोलणी. माझ्या वाट्याला ट्रॅक्टर आला. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा गावाच्या बांध कमिटीनं पोलादपूरच्या एका खाणवाल्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला आणि चालवायला आमच्या ह्यांना नेमलं. हे आधी त्या खाणीवर तोच ट्रॅक्टर चालवत होते. यंत्राबरोबर माणूसही पदरात पडला, असं गाव हसायचं. कमिटीच्या गोदामापाशी सावली नव्हती, म्हणून तो आमच्या अंगणातल्या जांभळाखाली उभा राहू लागला.

आमचं गाव तुडीलच्या बाजूचं, सावित्री नदीच्या काठावरचं. खाडीचं पाणी भरतीला थेट आमच्या शेतांच्या कडेपर्यंत येतं. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतं. बांधाला खांड पडली आणि उधाणाचं खारं पाणी आत शिरलं, की पुढचे दोन-तीन पावसाळे तिथं रोप तग धरत नाही. पूर्वी घरटी एक माणूस टोपली घेऊन मातीला जायचा. ट्रॅक्टरच्या तोंडाला दोन लोखंडी हात होते आणि त्यांच्या टोकाला भल्यामोठ्या सुपासारखी बकेट. ते हात ट्रॅक्टरच्या पोटातल्या तेलाच्या जोरावर वर जायचे; तेच तेल मागच्या चाकांच्या गिअरांनाही पुरायचं. अख्ख्या वाडीच्या टोपल्या जेवढी माती नेतील तेवढी ती बकेट एका खेपेत उचलायची.

सीटवर आमच्या वाडीचा माणूस बसला हे सगळ्यांना रुचलं होतं असं नाही. उघड कोणी बोलत नव्हतं, ते दिवस मागं पडले होते. पण ट्रॅक्टर रस्त्यानं निघाला की काही माना मुद्दाम दुसरीकडे वळायच्या. मी मात्र दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघायचे. मला त्या माणसाचा फार अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडात ट्रॅक्टरशिवाय दुसरा घास नाही. खोटं कशाला बोलू, नव्हताच.

हे न्याहारीला बसले की मी ट्रॅक्टरचं बघायचे. पाणी घालायचं, धूळ पुसायची, तेल मोजायची पट्टी काढून खूण बघायची आणि तेल कमी असलं तर घालायचं. सातवी पास होते, खूण वाचता येत होती. तेलाचं पिंप जुनं होतं, तळाशी गंजाचा गाळ. म्हणून मी ते गाळून घालायचे, आईनं दिलेल्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यातून. लुगडं नेसून नेसून इतकं मऊ झालं होतं की हाताला लागायचंही नाही. गाळल्याशिवाय काही घालायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. माझी आजी जन्मभर डबक्यातलं पाणी पदरातून गाळून प्यायली, कारण गावात विहीर होती पण तिच्यासाठी नव्हती. तिची नात ट्रॅक्टरला तरी कचऱ्याचं तेल कसं पाजेल?

आणखी एक सवय माझीच. बकेट जमिनीवर टेकवलेली असली की माझ्या कोंबड्या तिच्यात जाऊन अंडी घालायच्या, आणि एकीनं तर चक्क खुडूक बसायचा घाट घातला. म्हणून मी ह्यांना सांगून ठेवलं होतं की घरी आलात की बकेट वर ठेवा. हे हात वर करायचे, खाली लाकडाचा दणकट टेकू लावायचे आणि मग इंजिन बंद करायचे. सकाळी मी तेल बघायचे तेव्हाही हात तसेच वर असायचे.

त्या वर्षी होळीनंतर बकेट रेंगाळू लागली. पहिल्या दोन-चार खेपा झटक्यात उचलायची, मग पंप कण्हायला लागायचा आणि हात अर्ध्यावर अडायचे. इंजिन बंद करून बिडी ओढून होईपर्यंत थांबलं, की पुन्हा चार खेपा ठीक. तेल कमी पडत असेल असं ह्यांना वाटलं. मी पट्टी बघितली, तेल खुणेच्या खाली होतं. घातलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा घातलं. गाळूनच, अर्थात.

चैत्र संपता संपता बांधाला मोठी खांड पडली, आणि पुढचं मोठं उधाण वैशाखी पौर्णिमेचं. तेवढ्या दिवसांत खांड बुजवायची होती. तिसऱ्या दिवशी भरलेली बकेट घेऊन हे उतारावरून खांडीकडे येत होते. उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला. उजवं चाक धरलं, डावं धरलं नाही. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे वळला आणि घसरत खाडीच्या चिखलात जाऊन रुतला. कोणाला खरचटलंही नाही, पण दिवसभराचं काम बुडालं आणि बैल जुंपून तो बाहेर काढावा लागला. हे घरी आले ते कोपरापर्यंत चिखलानं माखलेले.

"मी दोन्ही ब्रेक दाबलं व्हतं," एवढंच म्हणाले. "गाडी थांबली नाय."

महाडहून मेकॅनिक आला. चाक खोलण्याची तसदी त्यानं घेतली नाही. ब्रेकचे दांडे आवळले, सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या आणि कमिटीला सांगितलं की ब्रेक ठीक आहे, दोष ड्रायव्हरच्या पायात आहे. बस, लोकांना तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत पायातला दोष बाटलीपर्यंत पोचला. ज्या माणसानं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता, तो पिऊन चालवतो असं दुकानात बोललं जाऊ लागलं. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. माणूस सरळ, पण कमिटीपुढे त्यांचाही इलाज नव्हता. चार दिवसांनी शाळेच्या पडवीत बैठक ठरली. पोलादपूरहून दुसरा ड्रायव्हर आणायचा की नाही, एवढा एकच विषय. तोवर खांड उघडीच.

मी इतकी चिडले होते की भाकरी थापताना परात दणाणत होती. ह्यांना म्हटलं, मेकॅनिकनं खोललं नाही ते आपण खोलू. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ट्रॅक्टर टेकूवर घेतला. टेकू मागच्या बाजूला हवा होता, म्हणून पुढची बकेट अंगणात कितीतरी दिवसांनी जमिनीवर उतरवली. डावं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढून काढला. आतली पट्टी तळलेल्या भज्यासारखी तेलानं निथळत होती. असली पट्टी चाकाला काय धरणार? पायात दोष म्हणे.

ह्यांना वाटलं, आतलं तेल अडवणारं सील फाटलं असेल. सील काढून बोटांनी वाकवून बघितलं, ते धड होतं. मग एवढं तेल आलं कुठून? मी सवयीनं तेल मोजायची पट्टी काढली आणि बघतच राहिले. तेल खुणेच्या चार बोटं वर. काल सकाळी तर मी खुणेला लावून ठेवलं होतं, आणि नंतर कोणी थेंबही घातला नव्हता. माझी नजर पुढं टेकलेल्या बकेटीकडे गेली. बकेट वर असताना तेल कमी, खाली असताना जास्त.

हात वर असले की त्यांच्या नळकांड्यांत तेल भरलेलं असतं. मी रोज तेव्हाच मोजत होते आणि खूण दिसेपर्यंत ओतत होते. हात खाली आले की ते सगळं तेल मागं यायचं आणि जागा नसल्यानं सीलवर दाटून त्याच्या कडेनं झिरपायचं. मातीच्या वाटेला डावीकडे कल, म्हणून ते डाव्या चाकात उतरलं. माझ्या कोंबड्यांची अंडी वाचवायला मी नवऱ्याचा ब्रेक घालवला होता.

"पन तेल एवढं जास्त, तर बकेट वर का जात नव्हती?" ह्यांनी विचारलं. चार खेपा ठीक, मग अडते, थांबलं की पुन्हा ठीक. हे मी कुठंतरी रोज बघत होते. चहाच्या गाळणीत. चोथा दाटला की चहा उतरत नाही, गाळणी आपटली की पुन्हा धार लागते. आत कुठं जाळी आहे का, मी विचारलं. जाळी होती. पंप तिच्यातून तेल ओढतो. तेल उपसून बाजूचं झाकण काढलं आणि ह्यांनी जाळी बाहेर ओढली.

दुधावर साय धरावी तसा जाळीवर थर होता, आणि तो हिरवा होता. माझ्या लुगड्याचा हिरवा. मऊ झालेलं लुगडं तेलागणिक सुटत होतं, त्याचे धागे आत जात होते. गंज अडवता अडवता मी ट्रॅक्टरच्या नरड्यात बोळा कोंबला होता. म्हणून बकेट अडायची, म्हणून मी तेल वाढवायचे, आणि त्या तेलानं ब्रेक गेला. मी जांभळाच्या बुंध्याशी मटकन बसले आणि रडले. शरमेनं, दुसरं काय.

ह्यांनी तो थर नखानं सोलून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. "सील गेलं व्हतं म्हनून सांगू," म्हणाले. "तू बैठकीत येयाचं नाय गो."

मग दोन दिवस आम्ही त्या ट्रॅक्टरला धुतलं, पुसलं. एस.टी.नं महाडला जाऊन ह्यांनी ब्रेकच्या नव्या पट्ट्या आणल्या, कारण तेल प्यालेली पट्टी धुऊन उपयोग नसतो. जाळी मी रॉकेलमध्ये घासली, तारेची तार न तार मोकळी होईपर्यंत. तेल भरलं ते बकेट जमिनीवर ठेवून. काम करताना आमचं भांडण चालूच होतं. ह्यांचं म्हणणं, बायकोच्या हातात यंत्र दिलं हे कळलं तर सीट नक्की जाईल. माझं म्हणणं, खोट्यावर राहिलेली सीट राहिली काय नि गेली काय. शिवाय आज सील म्हणून सुटाल, उद्या पुन्हा काही झालं की बाटली आहेच.

बैठकीला मी गेले. बायका सहसा जात नसत, मी पडवीच्या खांबाशी उभी राहिले. ह्यांना बोलायला सांगितलं तेव्हा हे उभे राहिले. सीलची गोष्ट त्या माणसाच्या तोंडातून निघेना. मग मीच बोलले. तेल मी घातलं, लुगड्यातून गाळून घातलं, चुकीचं मोजून घातलं. दोष ह्यांच्या पायात नाही, माझ्या हातात आहे. पडवी हसली. कोणीतरी म्हणालं की नवऱ्याला वाचवायला बाई सगळं अंगावर घेणारच. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, तेल मोजायला चुकतं कसं?

"गुरुजी, रांजणातनं घागर भरून डोक्यावर घेतली की रांजण रिकामा दिसतो," मी म्हटलं. "मी तो पुन्हा भरला. मंग घागर परत ओतली. पानी कुठं जाईल?"

कोणी हसलं नाही. घागर सगळ्यांच्या घरी होती. गुरुजी म्हणाले, बोलणं पटतं, पण पुरावा काही? माझ्याकडे काही नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते. मग सावकाश खिशात हात घातला आणि तो हिरवा गोळा काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. जो मला झाकायला उचलला होता, तोच मला खरं ठरवायला बाहेर काढला. गुरुजींनी गोळा बोटांत धरून ताणला, दोरा सुटून आला. माझ्या खांद्यावर त्याच लुगड्याचा उरलेला तुकडा होता, हात पुसायला घेतलेला. गुरुजींनी एकदा दोऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्या खांद्याकडे.

उद्या सकाळी उतारावर बघू, असं ठरलं. भरलेली बकेट, तोच उतार, मध्यावर थांबवायचं. थांबला तर सीट ह्यांची, नाहीतर पोलादपूरच्या माणसाला निरोप.

सकाळी सगळं गाव बांधावर होतं. ट्रॅक्टर जिथं चिखलात उतरला होता, तिथं उताराच्या पायथ्याशी मी जाऊन उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. जाळी मी घासली होती, तेल मी मोजलं होतं, पट्ट्यांचे खिळे ह्यांनी ठोकताना मी धरले होते. मग उभं दुसऱ्या कोणी राहायचं? हे वरून हातानं खुणावत होते, बाजूला हो. मी हलले नाही. भीती वाटत होती, तेही सांगते.

बकेट एका दमात वर गेली, पंप कण्हला नाही. ट्रॅक्टर उताराला लागला. मध्यावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि तो जागच्या जागी थांबला, दोन्ही चाकांवर, सरळ. बकेटीतलं एक ढेकूळ सुटून घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. ह्यांनी पाय ब्रेकवरून काढला नाही. तसेच बसून राहिले, सगळ्यांनी पोटभर बघेपर्यंत.

"पाय ठीक आहे त्याचा," गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, यापुढं तेल तुम्हीच घालायचं, पण बकेट खाली ठेवून. आता बाजूला व्हा, त्याला माती टाकू द्या."

मी बाजूला झाले. पौर्णिमेला उधाण आलं तेव्हा आम्ही दोघं बुद्धजयंतीचे पांढरे कपडे घालून बांधावर उभे होतो. पाणी बांधाला लागलं आणि तिथंच थांबलं.