न पुसलेला जिना

चुगली मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुढे मी स्वतःची बाजू सावरून घेईन. माझा मला भरवसा नाही.

जर्मनीत बॉबलिंगेनला आमच्या इमारतीत केअरवोखेची पद्धत आहे. ज्याच्या दारावर पाटी टांगलेली, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, आणि रविवारी पाटी पुढच्या दारावर लावायची. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी मला कोपरे कसे पुसायचे तेसुद्धा दाखवलं होतं. मी पुण्याची. आम्ही पाटी पाळतो, आणि दुसऱ्याने पाळली नाही तर आमच्या घशाखाली घास उतरत नाही.

पाळत नव्हता तो आमच्या समोरच्या दारातला ब्राझीलचा माणूस. पन्नाशीचा, दाराएवढा रुंद, एके काळचा फुटबॉलपटू. बचावफळीत खेळायचा. एकटाच राहायचा. जिन्यात भेटला की प्रत्येक वळणावर कठडा धरून उभा राहायचा आणि गप्पा सुरू. आमचा तिसरा मजला येईपर्यंत अख्खी कारकीर्द ऐकून व्हायची. एकोणिसाव्या वर्षी इकडे आला, मोठ्या क्लबने सहा महिन्यांत सोडून दिला, मग खालच्या लीगमधली एकेक गावं. आयुष्यात गोल एकच, तोही स्वतःच्याच जाळ्यात, असं सांगून स्वतःच खो खो हसायचा. "अडवला तर गोलकीपरचं नाव, झाला तर माझं!" गुडघा दुखला की मध्यंतरात डॉक्टर सुई टोचायचे आणि हा परत मैदानात, असंही एकदा म्हणाला होता. मी हातातल्या पिशव्या सावरत नुसतं जर्मनमधलं "या, या", म्हणजे "हो, हो", करत राहिले. मनात म्हणायचे, काय बाई हा बडबड्या, दर दहा पायऱ्यांना थांबतो!

पाटी मात्र त्याच्या दारावर नुसती लटकलेली असायची. जिना तसाच. माझं डोकं सटकायचं. नव्वद मिनिटं पळणाऱ्या माणसाला चार पायऱ्या पुसायला काय होतं? त्याच सुमारास मी जर्मनची बी-टू परीक्षा पास झाले होते आणि मला शिंगं फुटली होती. इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसला, हाउसफरवाल्टुंगला, मी झकास मेल लिहिली. तारखांसकट, फोटोंसकट. शेवटी 'त्यांना घराच्या नियमांविषयी जराही आदर नाही' असं वाक्य घातलं आणि ते दोनदा मोठ्याने वाचून बघितलं. इतकं आवडलं मला ते. माझं नाव गुप्त ठेवा, हे लिहायलाही विसरले नाही.

मग तीन महिन्यांसाठी सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर निघालो तर समोर तो. कठड्याकडे तोंड करून, एका अंगाने, दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवत टेकवत उतरत होता. तो खाली पोचेपर्यंत सासूबाई वरच थांबल्या.

"अगं, याचे गुडघे पार कामातून गेलेत," त्या म्हणाल्या.

"अहो आई, खेळाडू होता तो."

"म्हणूनच गेले असतील. मीसुद्धा अशीच उतरते. बघितलं नाहीस कधी?"

नव्हतं बघितलं. दोघांचंही नाही.

मेल मागे घ्यावी असं त्याच दिवशी मनात आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण ऑफिसवाले काय म्हणतील, आधी एक लिहिते आणि आता दुसरंच. आज लिहू, उद्या लिहू करत पंधरा दिवस गेले, आणि एका संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. हातात पत्र. तळमजल्यावरचं घर रिकामं होणार होतं, आणि डॉक्टरांचा कागद जोडून त्याने ते मागितलं होतं. मला याचा पत्ताच नव्हता.

"ऑफिसची भाषा मला कळत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, वाचून सांगा."

सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला. मी वाचू लागले. घर देता येत नाही. इतर रहिवाशांकडून तक्रार आली आहे. त्यांना घराच्या नियमांविषयी जराही आदर नाही. माझंच वाक्य, जसंच्या तसं.

"कोणी केली तक्रार, लिहिलंय?"

"नाही," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "मला माहितेय. पहिल्या मजल्यावरची ती. तिलाच कोपऱ्यांची हौस."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बिस्किट घ्या." बिस्किट! जळलं मेलं माझं तोंड.

त्याच्यातर्फे उत्तर मीच लिहून दिलं. सुरेख लिहिलं. गुडघे, जिना, डॉक्टर, सगळं आलं त्यात. 'ती तक्रार माझी होती आणि ती चुकीची होती', एवढं एक वाक्य सोडून. ऑफिसने कळवलं की घर दुसऱ्या कुटुंबाला दिलं आहे.

थंडीत तो गेला, दुसऱ्या गावी, लिफ्ट असलेल्या इमारतीत. तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून पत्राबद्दल आभार मानले. आजी खाली दार उघडून निरोप द्यायला उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून तो मान वळवून गेला.

नंतर आजींनी मला जिन्यात थांबवलं. "इतकी वर्षं रोज हसून बोलायचा. माझं काय चुकलं? तुम्हाला काही म्हणाला होता का?"

"नाही हो," मी म्हणाले. "मला काहीच माहीत नाही."

आजी अजून तिथेच राहतात, मीही. आणि हे मी मराठीत लिहिलंय, कारण आमच्या जिन्यातल्या कुणालाही ते वाचता येणार नाही.