जुनं नाक

माझं नाक एकदा मोडलं, एकदा दुरुस्त झालं, आणि यातलं बिघडलं कधी हे मला पुढचं वर्षभर कळेना.

मोडलं ते आठव्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरून पडून. मधोमध एक उंचवटा राहिला आणि तिथून खाली नाक डावीकडे वळलं. पुढे पंधरा वर्षं त्याने मला काही त्रास दिला नाही. मी जळगावात शिकले, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. मग स्थळं बघायला सुरुवात झाली. लागोपाठ दोन ठिकाणचे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि दोन्हीकडून सारखाच निरोप आला, "मुलगी फोटोत वेगळी वाटली होती." त्या दिवसापासून घरातले सगळे माझ्या नाकाकडे बघून माझ्याशी बोलू लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. मी नकटी नव्हते, तरी विघ्नं सुरू झाली होती.

धुळ्याला नाक-कान-घशाचे एक डॉक्टर असं ऑपरेशन करतात, हे आईला कुणीतरी सांगितलं. तिथे देवपूरला माझी मोठी आत्या राहायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिच्याकडे राहून मी ऑपरेशन करून घेतलं. सुचवलं आईने, पण फॉर्मवर सही माझी होती. त्यामुळे पुढे आईवर चिडायचं म्हटलं तरी मनासारखं चिडता यायचं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा उंचवटा गेला होता. पण शेंडा चिमटीत धरल्यासारखा आवळला होता आणि नाक आता उजवीकडे झुकलं होतं. घरी येऊन मी अक्काच्या आरशासमोर रडायला लागले. तिने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि तिच्या अहिराणीत म्हणाली,

"नाक जागावर शे ना? मंग कसाले रडस?"

डॉक्टर म्हणाले, सूज आहे, वर्षभर थांबा. वर्षानंतरही मनाला पटलं नाही तर पुन्हा बघू. त्याआधी मी हात लावणार नाही.

त्या वर्षाइतकी मी आयुष्यात कधी गोंधळले नाही. सकाळी वाटायचं, सूज उतरतेय. शाळेतून आले की वाटायचं, सूज कसली, हे नाकच असं आहे. शाळेतल्या एक बाई म्हणायच्या, काही कळतसुद्धा नाही. दुसऱ्या म्हणायच्या, आत्ताच्या आत्ता मुंबई गाठ. आई म्हणायची, "आता बरंच बरं दिसतं," आणि त्या 'बरंच बरं'ने माझा सगळा दिवस खराब व्हायचा. दुखत नव्हतं, श्वासाला अडचण नव्हती. मग पुन्हा चिरफाड कशाला? आणि नाही केली, तर जन्मभर हेच घेऊन फिरायचं? रोज ठरवायचं आणि रोज मोडायचं, एवढाच माझा उद्योग होता.

एक गोष्ट मात्र पक्की होती. मला सुंदर नाक नको होतं, माझं जुनं नाक परत हवं होतं. स्थळांसाठी काढलेल्या फोटोची एक प्रत माझ्याकडे होती. मी ती बघत बसायची. उंचवटा दिसेल न दिसेल इतका, वळण तर जवळजवळ नाहीच. एवढ्याशासाठी मी हे करून घेतलं! स्वतःचा इतका संताप यायचा की फोटो उलटा करून ठेवावा लागायचा.

वर्ष संपल्यावर डॉक्टरांनी नाक दाबून बघितलं. "दुसऱ्यांदा करता येईल," ते म्हणाले. "कानाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, थोडी घ्यावी लागेल. पण तिसऱ्यांदा नाही. म्हणून काय हवंय ते आधी नक्की करा."

"माझं जुनं नाक," मी म्हणाले.

"मग जुना फोटो आणा. मोठा करून आणा."

पंधरा दिवसांनंतरची ऑपरेशनची तारीख घेऊन मी जळगावला परतले आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. रंगीत फोटो तोवर सुरू झाले होते, पण स्थळासाठी लोक ब्लॅक अँड व्हाइटच काढायचे. स्टुडिओ चालवणारे गृहस्थ वयस्कर होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी माझी निगेटिव्ह शोधून काढली, उजेडात धरली आणि विचारलं, "हात फिरवलेलाच हवा ना, बेटा?"

मला काही समजलं नाही. त्यांनी निगेटिव्ह तिरकी धरून दाखवली. नाकाच्या एका बाजूला शिशाची बारीक चमक होती.

"इथे पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढी सावली उजळते," ते म्हणाले. "मग नाक सरळ दिसतं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? स्थळाचा फोटो म्हटला की हात फिरवायचाच. कुणाचे मुरूम, कुणाचा डाग. पोरीचं चांगलं व्हावं."

पाहुण्यांना मी फोटोत वेगळी का वाटले, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. घरात कुणाच्याच हे लक्षात कसं आलं नाही? माझ्याही? पण फोटोत आपण बरे आलो की माणूस चौकशी करत नाही. मी रागवायला कुणीतरी शोधत होते आणि जो सापडे त्याने माझं भलंच करायला घेतलेलं असे.

चाचांना वाईट वाटलं. त्यांनी कापसाने शिसं पुसलं आणि तसाच एक मोठा फोटो करून दिला. त्यात उंचवटा होता, वळणही होतं, चांगलं ठसठशीत.

तारखेच्या आदल्या दिवशी धुळ्याला उतरून आधी अक्काकडे गेले आणि दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. तिने पुसलेल्यावर बोट ठेवलं. "हाई तू शे." मग दुसरा उचलून डोळ्यांजवळ नेला. "आनि हाई कोन शे?"

वर्षभर मी त्या दुसरीसाठी रडत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो शेजारी शेजारी मांडले. "यातलं कोणतं करायचं?"

मी पुसलेल्या फोटोवर बोट ठेवलं. तेवढं मला आता कळलं होतं. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ कधी फोटोकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, हे नाक तर तुम्ही मागच्या वर्षी घेऊनच आला होतात."

त्यांनी ते चेष्टेने म्हटलं नाही. नंतर त्यांनी श्वासाला त्रास आहे का विचारलं, मी नाही म्हणाले. तारीख ठेवायची की पुढे ढकलायची, असं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आत्ता नको."

ते दोन्ही फोटो अजून माझ्याकडे आहेत आणि ती तारीख मी पुन्हा मागितलेली नाही.